पापियासच्या हातची अक्षरं

रोममध्ये थोरल्या सम्राटाने धाकट्याला, सख्ख्या भावाला, ठार करवलं आणि त्याचं नावसुद्धा कुठे उरू नये असा हुकूम काढला. आमच्या स्ट्रॅटोनिकेआ शहरात तो हुकूम पोचला तेव्हा छपरांवर अंजिरं वाळत होती.

शहराच्या कांस्याच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते, कडेने दोघांची नावं. सगळी नाणी चौकात आणायची, धाकट्याचा चेहरा ठोकून बुजवायचा, नाव छिन्नीने खरवडायचं. काम मेनिप्पसकडे आलं. टांकसाळीचे ठसे तोच कोरायचा.

या नाण्यांचा ठसा मात्र त्याच्या मुलाने कोरलेला होता, पापियासने. पहिला आणि शेवटचा. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. पापियासने ती इतकी सुबक बसवली, की बापाने आम्हा शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवली. त्याच हिवाळ्यात पोरगा तापाने गेला. त्या ठशाचं एक नाणं त्याच्या आईने जपून ठेवलं होतं.

मेनिप्पस मान खाली घालून खरवडत राहिला. घरी बायकोला, अम्मियाला, म्हणाला की तुझ्याजवळचं ते नाणंही दे. तिने दिलं नाही. त्यानेही जोर केला नाही.

झडतीत ते तिच्या उशीखाली सापडलं. शिपायांनी तिला चौकात आणलं.

"त्या गद्दाराचं तोंड उशाशी कशाला गं ठेवलंस?" त्यांच्या नायकाने विचारलं.

"तोंडाशी मला काय करायचंय?" अम्मिया म्हणाली. "अक्षरं माझ्या लेकाच्या हातची आहेत."

नायक हसला. त्याच्या धाकाने लोकही हसले. मग तो मेनिप्पसकडे वळला. "तू काम इमानाने केलंस, म्हणून एवढी सवलत. हिच्यासमोर तूच खरवड. नाहीतर हिला घेऊन जातो."

"नेऊ देत मला," अम्मिया नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

मेनिप्पसने नाणं ऐरणीवर ठेवलं. अंगठ्याने अक्षरं चाचपली. मग छिन्नी लावली.

अम्मिया सुटली. घरी येऊन तिने चूल पेटवली, त्याला सातूची पेज वाढली, स्वतः जेवली नाही.

"मग काय, तुला मरू द्यायचं होतं?" त्याने विचारलं.

"तुम्ही केलंत ते बरोबरच," ती म्हणाली. "पण तुमच्या हातांकडे मला बघवत नाही."

अंजिरांचे व्यापारी निघाले तेव्हा त्यांच्या गाडीतून ती मिलासाला बहिणीकडे गेली, कायमची. मेनिप्पसने तिला वेशीपर्यंत पोचवलं आणि परत चौकात येऊन बसला. नाण्यांचा ढीग अजून बराच बाकी होता.