उंबरखिंड, हॅमिल्टन

मला भाषण द्यायला कुणी बोलवावं लागत नाही. उंबरखिंड म्हटलं की मी सुरू. कॅनडात, हॅमिल्टनला येऊन अकरा वर्षं झाली, तरी बायको पाहुण्यांना दारातच बजावते, यांच्यासमोर गडकिल्ल्यांचा विषय काढू नका.

त्यामुळे २०१७च्या उन्हाळ्यात शेजारच्या कर्टने आपल्या पिकअपवरचं शिरस्त्राणवाल्या माणसाचं स्टिकर दाखवून "यू नो हू धिस इज?" असं विचारलं, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

"आर्मिनियस! तुम्ही लोक हर्मन म्हणता तो."

कर्ट बघतच राहिला. त्याचे आजोबा जर्मनीहून आलेले, तो स्वतः स्टीलच्या कारखान्यातून ले-ऑफ झालेला. हिवाळ्यात माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढून द्यायचा. अशा माणसाला मी तासभर ऐकवलं. आर्मिनियस रोमन सैन्यात वाढला, त्यांची भाषा शिकला, वारुस सेनापतीच्या पंगतीला बसला आणि मग त्यालाच पावसात, जंगल आणि दलदलीच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर नेऊन तीन फौजा बुडवल्या. म्हणजे आमचा गनिमी कावाच की! वारुस म्हणजे उंबरखिंडीत अडकलेला आमचा कारतलबखान. शरण आलेल्या खानाला महाराजांनी जाऊ दिलं आणि यांनी सगळ्यांना कापून काढलं, एवढाच फरक. मी तेव्हा ‘एवढाच’ म्हणालो होतो.

"आमच्या हेरिटेज क्लबसाठी हे लिहून दे ना," कर्ट म्हणाला.

झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. दोन पानं लिहिली. पण माझं इंग्रजी म्हणजे मशीनच्या ड्रॉइंगवरच्या टिपांचं. आमच्या बेसमेंटमध्ये अनिश राहायचा, सांगलीचा, कॉलेज करून संध्याकाळी ग्रोसरीच्या दुकानात काम करणारा. त्याला तपासायला दिलं.

"काका, इथे तुम्ही ‘एनिमीज’ लिहिलंय. पण बोलताना तुम्ही नेहमी परकीय म्हणता. एनिमी म्हणजे शत्रू. परकीय म्हणजे फॉरेनर्स."

खरंच होतं. शब्दाला शब्द चोख हवा. नऊ ठिकाणी बदललं. आर्मिनियसला शेवटी त्याच्याच नातेवाइकांनी मारलं, ते मात्र मी गाळलं. शूराच्या गोष्टीला असला शेवट शोभत नाही, असं मला वाटलं.

दहावीतल्या उल्काने, माझ्या मुलीने, ती पानं टेबलावर वाचली. "बाबा, डिड यू ईव्हन चेक व्हॉट पीपल डिड विथ धिस गाय? लाइक, अ हंड्रेड इयर्स अगो? लाइक, नाऊ? दोज व्हाइट-पॉवर गाइज?"

"इतिहास गूगलवर शिकायचा नसतो," मी तिच्यावर खेकसलो. पोरीपुढे माघार घ्यायची म्हणजे काय! त्याच संध्याकाळी पानं कर्टला नेऊन दिली.

डिसेंबरात अनिश साडेपाचला बसमधून उतरला. अंधार पडलेला. कारखान्याचं कुंपण आणि नाला यांच्या मधून घरी यायची अरुंद पायवाट आहे, तिथे तिघांनी त्याला गाठलं. जबडा मोडला, दोन बरगड्या मोडल्या, डोळे सुजून मिटले. फोन, पाकीट, सगळं जागेवर होतं. जॅकेटच्या खिशात मात्र एक घडी घातलेलं पत्रक कोंबलेलं सापडलं.

हॉस्पिटलमध्ये पोलीस ऑफिसर आली, तिशीची असेल. मी अनिशच्या उशाशी होतो. असं काही आधी पाहिलंय का, असं विचारून तिने पत्रक मोठ्याने वाचायला घेतलं. फॉरेनर्सना आत येऊ द्या. त्यांच्या पंगतीला बसा. त्यांची रांग लांबू द्या. वाट अरुंद होते तिथे थांबा.

पुढच्या वाक्यात ती ‘फॉरेनर्स’ म्हणायच्या आधीच तारांनी बांधलेल्या जबड्यातून अनिश ते म्हणाला. मग मराठीत पुटपुटला, "काका, हे आपलं आहे."

आपलं म्हणाला तो. मला ओरडून रडावंसं वाटलं.

"व्हॉट डिड ही से?" ऑफिसरने विचारलं.

अनिशने चाचपडत माझं बोट धरलं. "माझं नाव नको, काका. पीआर." दोन महिन्यांत त्याचे पीआरचे, इथे कायमचं राहण्याच्या परवान्याचे कागद जायचे होते. मार खाल्लेला पोरगा मारणाऱ्यांना नाही, कागदाला घाबरत होता. आणि दुखतंय म्हणतो, एवढंच ऑफिसरला सांगून मलाही सुटता आलं असतं.

"आय रोट इट," मी म्हणालो. "एव्हरी वर्ड. मीच शेजारच्या कर्टला दिलं." अनिशने सुचवलेला शब्दही मी माझ्याच नावावर घेतला.

तिने पेन खाली केलं. भ्रमिष्ट म्हाताऱ्याशी बोलावं तशी हळू आवाजात म्हणाली, "सर, यात काय लिहिलंय ते तुम्हाला कळलेलं दिसत नाही. इट्स अबाउट पीपल लाइक यू."

"कळलंय," मी म्हणालो. "आता कळलंय. लिहून घ्या."

मी माझं नाव स्पेल करायला लागलो. एस, यू, डी, एच. तेव्हा अनिशने माझं बोट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.