वामतोंड्याच्या आतला माणूस

मित्रांनो, मी एक जुना रबरी मुखवटा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी कुणालाही खात नाही. हे मनातल्या मनात बोलून बोलून मी थकलो. भयपटांच्या दुनियेत ‘वामतोंड्या’ हे माझं नाव मोठं आहे. अर्धा माणूस, अर्धी वाम, म्हणजे तो सापासारखा लांबलचक मासा. ताऱ्यांपलीकडच्या काळोखातून समुद्रात उतरलेला. ज्याला नुसतं पाहिलं तरी माणसाला वेड लागतं! आणि जन्म कुठला? इंग्लंडात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, सिनेमांसाठी मुखवटे घडवणाऱ्या एनिडबाईंच्या स्वयंपाकघरातला. मला त्यांनी घरच्याच ओव्हनमध्ये भाजलं. तेव्हापासून पुडिंगला रबराचा वास येतो, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार आहे.

माझे कल्ले कोरताना मात्र बाई गंभीर होत्या. माझं तोंड नुसतं शोभेचं. आतल्या माणसाला हवा मिळते ती कल्ल्यांच्या फटींतून, तेवढीच.

आतला माणूस म्हणजे लॅम्बर्ट, पूर्वीचा बस कंडक्टर, ताडमाड उंच. मला त्याच्या मानेला गोंदाने चिकटवत. तो गोंद सोडवायला पाऊण तास लागे, म्हणून बिचारा दिवसभर चहावाचून राही. इंग्रज माणसाने याहून मोठा त्याग तो कोणता करायचा! मांडीवर तीन थापा म्हणजे ‘मला बाहेर काढा’, अशी खूण त्याने सगळ्यांना सांगून ठेवली होती.

दोन सिनेमे सुखरूप पार पडले. तिसऱ्याला रूपर्ट नावाचा नवा दिग्दर्शक आला.

“अजून बुळबुळीत हवाय!” तो सकाळपासून ओरडत होता. आमचा बुळबुळीतपणा म्हणजे भिंतीला कागद चिकटवायची खळ. माझ्यावर बादलीमागून बादली रिकामी झाली.

“अरे, पुरे की आता! राक्षस आहे तो, भिंत नाही,” बाई म्हणाल्या.

“एनिड, तुम्ही रबराचं बघा. भीतीचं मी बघतो.”

दिव्यांच्या उष्णतेने खळ वाळली आणि कल्ले बुजले. आतला श्वास जोरजोरात होऊ लागला. मला सगळं कळत होतं, पण या तोंडाचा उपयोग काय?

लॅम्बर्टने मांडीवर तीन थापा मारल्या.

आमच्या धंद्याचा नियम असा, की कॅमेरा चालू असताना ‘कट’ फक्त दिग्दर्शकाने म्हणायचं. वीस माणसांनी ती खूण पाहिली आणि वीसही जण शिस्तीत गप्प उभे राहिले. रूपर्ट तर हरखून गेला होता. “वा! काय जीव ओततोय बघा!” तो पुटपुटला.

पुन्हा तीन थापा. मग लॅम्बर्ट गुडघ्यांवर कोसळला.

“खड्ड्यात गेला तुझा कट!” एनिडबाई कात्री घेऊन धावल्या आणि त्यांनी मला मानेपासून हनुवटीपर्यंत कराकरा कापलं. मला घडवायला त्यांना सहा आठवडे लागले होते. कापताना त्या क्षणभरही थबकल्या नाहीत, आणि मला त्यांचा रागही आला नाही.

लॅम्बर्टचा चेहरा जांभळा पडला होता. खूप वेळ खोकल्यावर तो एवढंच म्हणाला, “चहा.”

“मला वाटलं, अभिनय करतोय...” रूपर्ट चाचरला.

“माणूस मरत होता, गाढवा! आणि तू बघत बसलास!”

लॅम्बर्टने त्यानंतर मुखवटा घातला नाही, तो सिनेमाही पाहिला नाही. रूपर्टने मात्र तेच दृश्य सिनेमात जसंच्या तसं ठेवलं, आणि प्रेक्षक नेमक्या त्याच जागी टाळ्या वाजवतात! विद्वान लिहितात, त्या थापा म्हणजे विश्वाच्या पलीकडे धाडलेली गूढ हाक आहे. काय म्हणावं या विद्वानांना! आता मी टाके घातलेला, काचेच्या पेटीत बसलोय. चाहते येतात, मांडीवर थापा मारून फोटो काढतात, हसतात.

मित्रांनो, मला खुशाल घाबरा. त्यासाठीच माझा जन्म आहे. पण त्या थापा राक्षसाच्या नाहीत. माझ्यातला अर्धा माणूस तिथे जीव वाचवा म्हणून विनवत होता. कृपा करून त्या जागी तरी टाळ्या वाजवू नका.