सत्यभामाकाकूंचा श्वास

डोक्याचं हाड काढून मेंदू उघडा केलेला, आणि सत्यभामाकाकू मात्र येसर आमटीची रीत रंगवून सांगत होत्या. गाठ बोलण्याच्या केंद्राला चिकटलेली. काकू बोलत राहतील तोवर डॉ. ऋतुराजना कळणार होतं, कुठं कापायचं आणि कुठं थांबायचं. त्यांना बोलतं ठेवायचं काम भूलतज्ज्ञ सुमय्याकडं होतं.

"डाळ भाजायची, लेकी. मंग गहू. मंग ध... ध..."

ओठाचा उजवा कोपरा उडू लागला. पाठोपाठ हात.

"सर, झटका!" सुमय्या ओरडली. "थंड सलाइन ओता!"

ऋतुराजनी मेंदूवर बर्फासारखं सलाइन सोडलं. झटका थांबेना, तेव्हा सुमय्यानं शिरेतून औषध दिलं. अंग सैल पडलं. एकदा घोरल्यासारखा आवाज आला आणि मग तोही बंद झाला. छाती हलेना.

जीभ मागं पडून श्वासाची वाट बुजली होती. एरवी मान मागं करून सुमय्यानं ती क्षणात मोकळी केली असती. पण डोकं खिळ्यांच्या चौकटीत एका कुशीवर जखडलेलं. तिनं जबडा पुढं ओढून धरला, तोंडावर मास्क दाबला. कडेनं सगळी हवा निसटून जात होती. रक्तातला प्राणवायू घटत होता, तसा मॉनिटरचा सूर खाली उतरत चालला.

"मेंदू फुगतोय, सुमय्या," ऋतुराज म्हणाले. "लवकर."

सकाळीच तिनं सगळ्यांकडून अशा प्रसंगाची तालीम करून घेतली होती. सिस्टर प्रेरणानं न सांगता चादर वर धरली आणि घशात बसणारी मऊ मास्कची नळी तिच्या हातात ठेवली. सुमय्या काकूंच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसली. नळी आत गेली, पण दुमडली. हवा जाईना. तिनं नळी बाहेर काढली, जरा तिरकी धरून टाळूच्या कडेनं परत सरकवली आणि हवेची पिशवी दाबली.

छाती वर आली.

सूर हळूहळू चढत गेला. "मेंदू बसला," ऋतुराज म्हणाले, तेव्हा कुठं सुमय्याला आपले गुडघे दुखतायत हे जाणवलं.

काकू स्वतः श्वास घेऊ लागल्यावर तिनं नळी काढली आणि वाट पाहिली. आता खरी भीती होती ती वाचेची.

"काकू, नाव सांगा."

पापण्या उघडल्या. "सत्यभामा. घसा लई खवखवतोय गं. काय घातलं व्हतं?"

प्रेरणा हसता हसता रडली. उरलेली गाठ ऋतुराजनी काकूंशी बोलत बोलतच काढली.

बाहेर काकूंचे यजमान अप्पाराव लासूरहून आलेल्या भावकीत उभे होते. सुमय्याला पाहताच पुढं आले; विचारायचं धाडस होईना.

"बोलतायत," ती म्हणाली. "मघापासून चहा मागतायत. नाही म्हटलं तर मलाच रागावल्या."

"रागावली?" अप्पाराव तिथंच फरशीवर बसले आणि तोंडाला उपरणं लावून हसत सुटले. "मंग नीट हाय ती. एकदम नीट हाय!"

सुमय्याही भिंतीला टेकून त्यांच्याशेजारी बसली.