मागचा पट्टा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. मला तशी ताकीद होती. पण मला बोलता येत नाही, असं समजूनच ती दिली होती. म्हणून आज बोलतेय.

मी ट्रॉली, मोटारीच्या मागे जोडतात ती. माझ्या पाठीवर बुटकी बसते. बुटकी म्हणजे आजोबांची जुनी, छोटी, पिवळी गाडी. लांबचे चढ आता तिला झेपत नाहीत. पण बुटकीला घरी ठेवून तंबूत राहायला जायचं, हे या घरात चालत नाही. मग तिला मी वाहून नेते. तिथे ती तळ्याभोवती एक चक्कर मारते आणि सगळं कौतुक तिचंच होतं. माझ्यावर लोक ओले टॉवेल वाळत घालतात.

मी जन्मले एका वेल्डरच्या शेडमध्ये. आजोबा रोज येऊन माप बघायचे. शेवटी वेल्डर वैतागून म्हणाला, "अहो, ट्रॉली करतोय, पाळणा नाही!"

घरात एक पद्धत आहे. पुढचे पट्टे बाबा बांधतात, मागचा आजोबा. पट्ट्याचा दांडा वरखाली केला की तो कट् कट् वाजत आवळत जातो. "आप्पांनी बांधलं म्हणजे बघायला नको," असं बाबा म्हणतात आणि खरंच बघत नाहीत.

गेल्या वर्षी आजोबांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, किल्ली बाबांकडे गेली. उरला तो मागचा पट्टा. तोही पुरता आवळला जात नाही, हे आधी मला कळलं. एका वळणावर बुटकी माझ्या पाठीवर वीतभर मागे सरकली. मागून स्कूटरवर एक बाई येत होती, पुढ्यात लहान मूल उभं.

पुढे चहाला थांबल्यावर मनीने, आजोबांच्या नातीने, ते पाहिलं. ती फारशी बोलत नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने गुपचूप पट्टा आवळला आणि मला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. त्यांच्याकडे एवढंच उरलंय." तेव्हापासून प्रत्येक सहलीला आजोबांच्या पाठोपाठ ती पट्टा आवळायची.

आज मात्र मनी येणार नाही. तिची परीक्षा आहे. आजोबांनी पट्टा बांधला आणि टोपी आणायला घरात गेले. मनी दारात ओठ चावत उभी होती. सांगावं तर आजोबांचं काम जाणार. न सांगावं तर परतीच्या वाटेवर कोण बघणार? निदान जातानाचा तरी आवळावा म्हणून ती अनवाणीच धावत आली. दांडा दाबला. कट्. कट्. कट्.

"सैल होता?"

आजोबा मागे उभे होते.

"थोडासाच, आजोबा."

"थोडासाच? तीनदा वाजला की! हात गेलेत माझे, कान नाही गेले." ते हसले, पण ते हसू बघवेना. "किती दिवस करतेयस हे?"

मनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना हाक मारली. "अरे, आजपासून मागचा पट्टाही तूच बांध."

"का हो, आप्पा? तुमच्यासारखा मला कुठला जमतोय!"

"जमव. लोक असतात मागे रस्त्यावर."

बाबांनी मनीकडे पाहिलं आणि माझ्यापाशी खाली बसून पट्टा आवळला.

आता बुटकी घट्ट आहे. एरवी आजोबा निघेपर्यंत मागे वळून वळून बघतात. आज मोटारीत बसून समोर बघताहेत. मनी फाटकाशी उभी आहे. आपण घात केला असं तिला वाटतंय. तिला कुणीतरी समजवा हो. आणि आजोबांना काम द्या. लुटुपुटूचं नको, ते त्यांना लगेच कळेल. बुटकी माझ्यावरून उतरताना "डावीकडे घे, अजून थोडं" असं सांगणारा माणूस लागतो. त्या कामाला हात लागत नाहीत, नजर लागते, आणि आजोबांची नजर तर अजून—

"झालं का सगळ्यांचं? चला, निघालो!" बाबांनी मोटार सुरू केली.