पहाटेची बातमी

"देसालेन!"

कॉलेजच्या काउंटरवरच्या बाईंनी पुकारलं आणि महलेतच्या आधी तिची आईच ताडकन उठली. उठली ती दाराकडेच बघायला लागली.

"एमाये, मला बोलावतायत," महलेतने आईचा हात ओढला. "चल."

त्यांच्याकडे आडनाव नसतं. पोरांच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, आणि अमेरिकेने त्याचंच आडनाव करून टाकलं होतं. त्यामुळे शाळेत, दवाखान्यात, जिथे तिथे देसालेनला हाक जायची आणि आईच्या, त्सिगेच्या, काळजात दर वेळी चर्र व्हायचं. नवरा मागे मायदेशी, गोंदरला राहिला होता. तिकडे लढाई पेटली आणि त्याचे फोन थांबले.

"ग्रीन कार्ड आलेलं नाही ना अजून? मग सरकारी मदत नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "पण आमच्या कॉलेजचा स्वतःचा निधी आहे. त्यातून पूर्ण फी देता येईल. फक्त वडिलांची मिळकत आणि सही हवी. ते हयात नसतील तर तसा दाखला. शुक्रवारपर्यंत. कुठे असतात ते?"

महलेत बुटांकडे बघत राहिली.

"तिकडे असतात," त्सिगे म्हणाली.

बसमध्ये पोरगी म्हणाली, "राहू दे कॉलेज. मामाबरोबर विमानतळावर कामाला लागते. कार्ड आल्यावर बघू."

"कार्ड! ते गोगलगायीवर बसून निघालंय. तू रांगत होतीस तेव्हापासून तुझा बाप तुला इंजिनियरबाई म्हणायचा. आणि तू लोकांच्या बॅगा उचलणार?"

महलेतने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले, आणि त्सिगेला कळलं की हिलाही ठाऊक आहे.

मरणाची बातमी त्यांच्यात फोनवर सांगत नाहीत. वडीलधारी माणसं जमून पहाटे येतात, झोपेतून उठवतात आणि सांगतात. तोवर सगळ्यांनी तोंड मिटून राहायचं. त्सिगेच्या भावाने, झेरिहूनने, ठरवलं होतं की देसालेन गेल्याचं कार्ड आल्यावरच सांगू, म्हणजे तिला गोंदरला जाऊन सासूच्या गळ्यात पडून रडता तरी येईल. कार्डाशिवाय गेली तर परतीची वाट बंद. कार्ड येईना आणि बातमी अडून राहिली.

त्सिगे काही दुधखुळी नव्हती. सासू व्हिडिओवर येईनाशी झाली, "कॅमेरा बिघडलाय" म्हणायला लागली, तेव्हाच ती समजली होती, सासूच्या अंगावर सुतकाचे काळे कपडे असणार. पण तीही वेड पांघरून पेडगावला गेली. कोणी येऊन सांगत नाही तोवर तो आहे. रविवारी रीतीप्रमाणे तीनदा कॉफी वाढली की तिसऱ्या वाढीचा, आशीर्वादाचा, एक कप ती त्याच्यासाठी भरायची. कधी कधी तो प्यायल्यासारखा कमी झालेला दिसायचा. तिला त्याची भीती वाटत नसे. कप भरलेला राहील याचीच वाटायची.

घरी आल्याबरोबर तिने भावाला फोन लावला.

"दादा, उद्या पहाटे ये. सगळ्यांना घेऊन ये."

"कशाला गं?"

"मला काय विचारतोस? दाखला असेल तुझ्याकडे, तोही आण."

"त्सिगे... कार्ड येऊ दे की. इतकी वर्षं सांभाळलं आम्ही."

"मीही सांभाळलं. पोरीचं कॉलेज नाही थांबत. आणि हे बघ, रीतीप्रमाणे करा. असं फोनवर नको मारूस त्याला."

झेरिहून रडायला लागला. तिने फोन ठेवला.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडायच्या आत उठून तिने बाहेरची खोली झाडली, शेजारणीकडून मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या, त्याचा कप धुऊन फळीवर पालथा घातला. मग खाली गाड्यांची दारं लागल्याचे आवाज आले. जिन्यावर बरीच पावलं वाजली.

त्सिगे लगबगीने खोलीत गेली, अंथरुणात शिरली, भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.

दार उघडलं. महलेतचा गार हात खांद्यावर पडला.

"एमाये, ऊठ. मामा आलेत. सगळे आलेत."

त्सिगेने सावकाश कूस बदलली, डोळे चोळले.

"इतक्या पहाटे?" तिने विचारलं. "का गं, काय झालं?"