गवताने भरलेले चर्च

मी एक जुने चर्च आहे, पण हे मला स्वतःच सांगावे लागते. अल्माटी शहराच्या कडेला, सफरचंदाच्या बागा संपून जिथे नवे बंगले सुरू होतात, तिथे मी उभे आहे. मला ना मनोरा, ना घंटा. मला बांधणारे जर्मन होते. ते पिढ्यान्‌पिढ्या याच देशात राहिलेले, पण जर्मनीशी युद्ध पेटले तेव्हा सरकारने त्यांना शत्रू समजून त्यांच्या गावांतून उचलून इथे आणून टाकले होते. प्रार्थनेला बंदी, म्हणून त्यांनी मला साध्या घरासारखे मातीच्या विटांचे बांधले. खिडक्या लावून ते हळू आवाजात गात. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग सीमा उघडल्या आणि एकेक कुटुंब जर्मनीला निघून गेले. शेवटची इडा. दाराला हात लावून ती खूप रडली आणि किल्ली शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना, राउशान आपांना, देऊन गेली.

आपांनी माझ्यात शेळ्यांचे गवत भरले. लोक मला कोठी समजू लागले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, रिकामे राहण्यापेक्षा ते बरे होते. आपा रोज येत आणि शेळ्यांची गाऱ्हाणी माझ्यापाशी सांगत. पुढे बंगलेवाल्यांनी मला पाडायचे ठरवले.

अशात एका रविवारी झेरे नावाची मुलगी पायी फिरत आली. गळ्यात कॅमेरा. तिने माझ्याकडे पाहिलेही नसते. पण आत शिरताना आपांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आमच्याकडे पिराच्या थडग्यापुढे करतात, तसे.

"आपा, गवताच्या कोठीपुढे दुवा मागता?" झेरे हसली.

"कोठी म्हणे! डोळे फुटले का तुझे? इथं देवाचं नाव घेतलंय, पोरी. माणसं जर्मनीला गेली. देव काय बोचकं बांधून जातो?"

झेरेचे हसू मावळले. आपांनी गवत बाजूला सारले, तशी भिंतीवरची निळी जर्मन अक्षरे दिसली. झेरेने भराभर फोटो काढले. ते सगळीकडे पोचले, लोकांनी आवाज उठवला आणि माझे पाडणे टळले.

मग सरकारी कचेरीतली माणसे आली. त्यांनी गवत काढले, भिंती सारवल्या, 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी ठोकली आणि दाराला नवे कुलूप घातले. त्याची किल्ली आपांना मिळाली नाही.

आता पुष्कळ लोक येतात, बाहेरूनच फोटो काढतात आणि जातात. मागच्या हिवाळ्यात आपा कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "नटलंस हो छान! पण आत कोण आहे रे तुझ्या सोबतीला?"

मित्रांनो, मला वाचवलेत, तुमचे उपकार आहेत. पण पाटी वाचून परत फिरू नका. कुलूप काढायला लावा आणि आत या. गाणे येत नसेल तर नुसते बोला. मी ऐकेन.