थोरला वर गेला, मी खाली राहिलो

मी बोलतोय तो काचेच्या पेटीतून, तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर चालवून घ्या. मी एक तापमापक आहे. ताप आलेल्या पोराच्या काखेत लावतात तो नव्हे. आमच्या जातीला यानावर बसवतात आणि आम्ही लांबूनच, हात न लावता, एखाद्या ग्रहाची किंवा चंद्राची ऊब सांगतो. आता खरं सांगायचं तर मला कधी कुठल्या यानावर बसवलंच नाही. मी जमिनीवरचा.

आम्ही आवळेजावळे भाऊ. एकाच धातूच्या तुकड्यातून कापलेले, एकाच टेबलावर जोडलेले. त्या प्रयोगशाळेची रीतच तशी होती. प्रत्येक यंत्र दोन-दोन करायचं. एक वर जातं, दुसरं खाली राहतं. वरच्याचं काही बिनसलं तर तिथे डॉक्टर पाठवता येत नाही, मग खालच्या भावाची नाडी बघायची.

आम्हाला घडवलं दोघांनी. डोकं ताईंचं, हात मामांचे. ताई म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ, आणि मामा म्हणजे आम्हाला जोडणारे कारागीर. ते कोणाचे सख्खे मामा होते देव जाणे, पण अख्खी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची. आमच्या दोघांच्या तोंडात, म्हणजे डोळ्यापर्यंत जाणाऱ्या नळीत, आतून त्यांनी काळा लेप दिला. आपल्याच अंगाची ऊब आपल्याच डोळ्यात जाऊन फसगत होऊ नये, म्हणून. लेप इतका काळा की आत डोकावलं तर विहिरीत पाहिल्यासारखं वाटावं.

दोघांत डावं-उजवं करावं असं काही नव्हतं. निवडीच्या दिवशी मामांच्या उजव्या हाताला तो होता, डाव्या हाताला मी. त्यांनी उजवा उचलला. झालं, तो थोरला ठरला आणि मी धाकटा. मी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? ताई झाकण लावताना म्हणाल्या, "काय रे धाकट्या, तोंड का पाडलंयस? तुझंही काम पडेल." माझं काम पडलं, पण ते पडलं नसतं तर बरं झालं असतं.

थोरल्याला पोचायलाच वर्षं लागली. तोवर मी पाहुण्यांना दाखवायची वस्तू झालो. कोणी मोठा माणूस आला की माझं झाकण निघायचं आणि ताई मोठ्या हौसेने सगळं समजावून सांगायच्या. पाहुणे मान डोलवत आणि चहा कुठे आहे ते बघत. माणसांची ही एक गंमत आहे, कळलं नाही की ती जास्तच मान डोलवतात. एकदा एका पाहुण्याने "यात काय असतं?" म्हणत सरळ माझ्या तोंडात बोट घातलं. ताई नुसत्या हसल्या. पाहुणे गेल्यावर मात्र त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्या बोटाचा तेलकट डाग घासून काढला. डाग दिसला की लगेच पुसायचा, हा त्या खोलीत शिरणाऱ्याचा पहिला धडा. बाळाचं तोंड पुसावं तसं त्यांनी माझं तोंड पुसलं. मला बरं वाटलं.

मग थोरला पोचला. त्या लांबच्या ग्रहाभोवती एक चंद्र फिरतो, सगळा बर्फाचा. त्या बर्फात एक लांबलचक भेग आहे. थोरल्याने कळवलं की भेगेपाशी ऊब आहे. थोडीशीच, पण आजूबाजूच्या बर्फापेक्षा नक्की जास्त. त्या दिवशी ताई पडद्यासमोरून उठेनात.

"मामा, बर्फाखाली काहीतरी ऊन आहे. पाणी असेल कदाचित."

"कदाचित का म्हणता? आहे म्हणा की."

"तसं म्हणता येत नाही हो. पण मी याच्यासाठीच थांबले होते इतकी वर्षं."

शंका काढणारे निघालेच, आणि शंका रास्त होती. यानाला ती भेग दिसायची ती नेमकी उन्हातून बाहेर पडल्या पडल्या. तेव्हा यान स्वतःच तापलेलं असायचं. मग ही ऊब भेगेची, की थोरल्याच्या स्वतःच्या अंगाची? त्यात यानाचं इंधन संपत आलेलं. एक तर उरलेलं इंधन वापरून भेगेच्या अगदी जवळून जायचं आणि एकदाचा निकाल लावायचा. नाही तर आधी ठरल्याप्रमाणे यान त्या ग्रहात लोटून द्यायचं, म्हणजे ते पुढे भरकटून, आपल्याकडचे जंतू घेऊन, त्या स्वच्छ चंद्रावर पडणार नाही. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "भांडण कशाला? धाकट्याला विचारा. तो म्हणेल ते खरं."

मला पिंपात ठेवलं. पिंप म्हणजे मोठी टाकी, तिच्यातली हवा काढून घेतात आणि तिला अंतराळासारखी गार करतात. माझ्यासमोर एक गारढोण पत्रा उभा केला. थोरला उन्हात तापायचा तेवढं माझं अंग तापवलं. आता मला नुसता गारवा दिसला, तर थोरल्याने पाहिलेली ऊब खरी असण्याची आशा होती. मला गार पत्र्यावरही ऊब दिसली, तर ती आमच्याच अंगाची.

मला ऊब दिसली.

"परत करा," ताई म्हणाल्या. परत केलं. "अजून एकदा." मामांनी डबा आणून ठेवला, "ताई, दोन घास खाऊन घ्या," तर नको म्हणाल्या. पिंपाच्या गोल खिडकीतून माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "धाकट्या, नीट बघ रे." मी नीटच बघत होतो. मला खोटं बोलता येत नाही, तशी माझी घडणच नाही. त्या दिवशी मात्र बोलता यावं असं फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ताई स्वतःच उभ्या राहिल्या. ऊब यंत्राची आहे, भेगेची नाही, माझी चूक झाली, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी त्यांच्या प्रामाणिकपणासाठी टाळ्या वाजवल्या. असल्या टाळ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. मग थोरल्याचं यान ग्रहाकडे वळवलं. तो जळेपर्यंत आपलं काम करत होता, किती गरम होतंय ते शेवटपर्यंत कळवत होता. खोलीतले सगळे उभे होते. ताईंचा हात माझ्या पाठीवर होता.

पुढे ताई निवृत्त झाल्या. मला दर्शनी दालनात मांडायचं ठरलं, तेव्हा मामांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. मुलांना माझ्या तोंडातलं दिसावं म्हणून आत दिवा कुठून सोडायचा ते दोघं बघत होते. मामांनी टॉर्च तिरका धरला.

"ताई, इकडे या जरा. ही पट्टी चमकतेय."

ताई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"इथला लेप गेलाय. घासलाय कोणीतरी," मामा म्हणाले.

"मी घासलाय."

"तुम्ही? कधी?"

"त्या पाहुण्याने बोट घातलं होतं ना, तेव्हा. स्पिरिटने." त्या स्टुलावर बसल्या. "समोरून लेप काळाच दिसत होता, मामा. चाचणीच्या आधी मी समोरूनच बघितलं."

मामांनी टॉर्च बंद केला. "म्हणजे याला दिसली ती याचीच ऊब. या पट्टीवरून डोळ्यात गेलेली. आणि वरच्याला..."

"वरच्याचं तोंड कोणी पुसलं नव्हतं."

मामांनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

ताई साहेबांकडे गेल्या आणि येताना त्यांना घेऊनच आल्या. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं. "तुमचं बरोबर आहे, ताई. पण आता ताडून बघायचं कशावर? यानच राहिलं नाही. हे वरातीमागून घोडं झालं."

"ऊब खरी होती असं मी म्हणत नाही, साहेब. खोटी होती असं ठरलं नव्हतं, एवढंच म्हणतेय."

"ते मान्य आहे मला."

"परत कधी जाणार तिकडे?"

साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "तुमच्या-माझ्या हयातीत तरी नाही."

ताई निघाल्या. मला त्यांना सांगायचं होतं की राग नाही. तुम्ही मायेनेच पुसलंत, मला ते आवडलं होतं. पण मला फक्त ऊब सांगता येते, आणि ती विचारायला आता कोणी येत नाही.

त्यानंतर ताई इकडे फिरकल्या नाहीत. मामा मध्ये एकदा येऊन गेले, काचेवर हात ठेवून म्हणाले, "तुझं नाव काढलं की ताई विषय बदलतात रे." माझ्या पेटीवरची पाटी आधीच छापून झाली होती, ती तशीच लावली. 'याने एका मोठ्या शोधातली चूक उघडकीस आणली', असं तिच्यावर लिहिलंय. शाळेची मुलं ते मोठ्याने वाचतात. बाई म्हणतात, बघा, यंत्र कधी चुकत नाही.

तुम्ही कधी आलात तर काच हवी तितकी पुसा, मुलांच्या नाकाचे ठसे असतात तिच्यावर. पेटी उघडून माझं तोंड मात्र कोणी पुसू नका, कोणाला लेप नव्याने देऊही देऊ नका. ती चमकती पट्टी तेवढी राहू द्या. ताई चुकल्या कुठे ते फक्त तिथे दिसतं, आणि त्यांचा हात माझ्यावरून फिरला होता तेही तिथेच दिसतं. ती भेग अजून आहे तिथे. ती ऊन आहे की गार, ते कोणालाच माहीत नाही. ज्याला माहीत होतं त्याला आम्ही जाळून टाकलं, आणि ते माझ्या शब्दावरून.